थंड होईपर्यंत

होटगी रोडच्या पल्याड, वेड्या बाभळीच्या रानात
आमचं टर्बाइन उभं आहे.
वर्षाला साठ तास चालतं.
उरलेलं वर्ष आम्ही त्याच्यावरची धूळ पुसतो,
टाकीतलं डिझेल काठीनं मोजतो
आणि रजिस्टरात लिहितो : तयार.
सकाळी तयार. दुपारी तयार.
रात्रपाळीचा गेंट्याल त्याच्या तिरक्या अक्षरात : तयार.

मेव्हणा म्हणतो, काय बे, बसायचा पगार मिळतोय की तुला.
मी म्हणतो, मिळतोय की.
कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत बुडवतो
आणि विषय तिथंच संपतो.

एप्रिलची सतरा तारीख. पारा त्रेचाळीस.
सहा बावन्नला कळव्याहून फोन.
तीच बाई. नमस्कार नाही, कसे आहात नाही :
‘सोलापूर, वीस मेगावॅट. किती वेळात?’
‘दहा मिनिटं, मॅडम.’
पाच वर्षं झाली. तिचं नाव मला ठाऊक नाही,
माझं तिला.

मग आधी नुसती हवा.
आतला शिळा वाफारा बाहेर जाऊ द्यायचा,
घाई केली तर घात.
मग ठिणगी, मग ज्योत,
मग तो आवाज, जो कानानं कमी आणि
दातांनी जास्त ऐकू येतो.
बाभळीतले होले एकदम उडतात. दर वेळी.
त्यांना सवय व्हावी इतकं आम्ही चालत नाही.
काटा फिरत फिरत बाराच्या ठोक्यावर येतो
आणि गेंट्याल श्वास धरून कळ दाबतो.
लागलं.
आता आम्ही सगळ्या महाराष्ट्राबरोबर फिरतोय,
एका लयीत, तासाला सहा हजार लिटर पीत.

विजापूर रोडचे कूलर,
नव्या पेठेतल्या साडीच्या दुकानांचे दिवे,
कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं ऑपरेशन.
किंवा यातलं काहीच नाही, आमचे वीस मेगावॅट
लातूरला गेले असतील.
विजेवर कुणी नाव घालत नाही, भांड्यांवर घालतात तसं.

एकदा घरच्यांना प्लांट दाखवायचा दिवस होता.
नायना आले होते, पांढरी टोपी घालून.
तीस वर्षं मागांवर जॉबर. कान गेलेले.
चाचणीसाठी मशीन चालू होतं. सगळे कानांवर हात धरून,
आणि यांनी तळवा भिंतीला टेकवलेला.
बराच वेळ.
मग माझ्याकडं वळून दोन बोटं दाखवली.
‘दुसरं बेअरिंग. रडतंय.’
साहेब हसले. चहा सांगितला.
श्रावणात उघडलं तेव्हा दुसऱ्याचंच अस्तर खरवडलेलं निघालं.
अहवालात नायनांचं नाव कसं येणार?
मी घरी खुणेनं सांगितलं.
ते म्हणाले, मग?

दहा वाजून चार मिनिटं. ‘सोलापूर, उतरवा.’
‘बरं मॅडम.’
ज्योत विझते. आवाज पायरी पायरीनं खाली येतो.
पण थांबू द्यायचं नसतं, ही खरी गंमत.
एवढं तापलेलं धूड एका जागी उभं राहिलं
तर स्वतःच्याच वजनानं केसभर वाकतं,
आणि केसभर वाकलेलं पुन्हा सरळ फिरत नाही.
म्हणून एक छोटी मोटर त्याला रात्रभर वळवत राहते,
हळू, जेवण झाल्यावर शतपावली घालावी तसं.
त्यातून एक युनिटसुद्धा निघत नाही.

गिरणीला कुलूप लागलं त्या वर्षी
नायना पहाटे उठायचे, भोंग्याच्या वेळेला.
भोंगा नव्हता. असता तरी त्यांना कुठं ऐकू येत होतं.
चप्पल न घालता बोळाच्या या टोकापासून
त्या टोकापर्यंत, नळापाशी वळून परत,
उजाडेपर्यंत.
मी दहावीला होतो. मित्र बघतील म्हणून लाज वाटायची.
आई विड्या वळता वळता म्हणायची,
राहू दे, हाक मारू नको.

होले परतलेत. बारा वाजून वीस.
गेंट्याल टेबलावर डोकं ठेवून झोपलाय.
मी रजिस्टर ओढतो. वेळ, तेल, तापमान.
शेवटच्या रकान्यात तयार लिहायला घेतो, थांबतो,
आणि लिहितो :
बंद. फिरतंय.